माझ्या नावावरची चूक मला दुरुस्त करू द्या

प्रति,
मॉडरेटर मंडळ आणि संकेतस्थळाचे व्यवस्थापन यांस,

विषय : जुन्या पोस्टना लावलेलं सरसकट कुलूप, अर्थ बदलणारी संपादनं आणि जुन्या प्रश्नांची सफाई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मी बारा वर्षांपासून लिहिते आहे. डेटाबेस हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तरंही बहुतेक त्याच विषयावरची. त्याहून जास्त वेळ मी दुसऱ्यांच्या पोस्ट नीट करण्यात घातला आहे : मोडलेले दुवे बदलणं, कोडची मांडणी सुधारणं, प्रश्नाचं शीर्षक शोधताना सापडेल असं करणं. हे मी आवडीने केलं आणि पुढेही करायची इच्छा आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही जाहीर केलंत की पाच वर्षांपेक्षा जुन्या प्रश्नोत्तरांत यापुढे कोणालाही बदल करता येणार नाही, मूळ लेखकालाही नाही. त्याच सूचनेत खाली होतं की ज्या जुन्या प्रश्नांना फारसे वाचक नाहीत ते टप्प्याटप्प्याने काढून टाकले जातील. यावर मी आधी तुम्हाला खासगीत लिहिलं होतं. त्याला उत्तर म्हणून त्याच नियमाचा दुवा आला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं उत्तर चुकीचं आहे.

ते मी २०१४ साली लिहिलं. या कामात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. प्रश्न साधा होता : वापरकर्त्यांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये कसे ठेवायचे? मी लिहिलं, एमडी५ करून ठेवा, म्हणजे पासवर्डचं ठरावीक लांबीच्या सांकेतिक अक्षरांत रूपांतर करून ठेवा. चार ओळींचं उत्तर आणि सोबत चालणारा कोड. विचारणाऱ्याचं काम झालं, त्याने उत्तर स्वीकारलं, आणि पुढे त्याला पसंतीची मतं मिळतच गेली.

एमडी५ झटपट चालावं म्हणूनच बनवलेलं आहे, आणि पासवर्डच्या बाबतीत नेमका तोच त्याचा दोष. डेटाबेस चोरीला गेला तर चोराला एका ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज लावून बघता येतात. पासवर्डसाठी मुद्दाम संथ चालणारी पद्धत लागते आणि प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट, म्हणजे त्यात मिसळायची अनियत अक्षरं, लागतं. बीक्रिप्ट ही अशी पद्धत १९९९ पासून उपलब्ध होती. संकेतस्थळं बनवायच्या पीएचपी भाषेत तर २०१३ सालीच त्यासाठी तयार फंक्शन आलं होतं. म्हणजे माझं उत्तर काळाच्या ओघात चुकीचं ठरलं असं नाही, लिहिलं त्या दिवशीच ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी ठामपणे लिहून मोकळी झाले.

पुढे मला योग्य पद्धत कळली, पण हे उत्तर विस्मरणात गेलं होतं. मध्यंतरी एका नव्या सहकाऱ्याचा कोड तपासत होते. पासवर्डच्या जागी एमडी५ दिसलं. हे कुठून घेतलंस म्हणून विचारलं, तर त्याने दुवा उघडून दाखवला. खाली माझं नाव होतं. त्याने माझं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही काही क्षण काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी दुरुस्ती लिहायला बसले. एडिटचं बटण करडं झालेलं होतं. त्यावर कर्सर नेला की अक्षरं उमटत होती : ‘ही पोस्ट संग्रहित आहे.’ उत्तर डिलीट करायला गेले, तर स्वीकारलेलं उत्तर लेखकाला काढता येत नाही. कॉमेंट टाकायला गेले, तर कॉमेंटही बंद. ते उत्तर चूक आहे हे जिला पक्कं ठाऊक आहे आणि जिने ते लिहिलं, तिलाच ते सांगायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. शोध घेतला की ते उत्तर आजही वरच येतं.

पोस्टचं वय तुम्ही लिहिल्याच्या तारखेवरून मोजता. वाचणारा ती आत्ता वाचत असतो, आणि वाचून लगेच वापरत असतो. ज्या पोस्टकडे लोक अजून येत आहेत तिला निव्वळ तारखेमुळे ‘संग्रहित’ म्हणणं मला पटत नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, कारण सदस्यांनी सुचवलेले बदल तपासून मंजूर-नामंजूर करायच्या रिव्ह्यूच्या रांगेत मी स्वतः बसलेली आहे. जुन्या पोस्टवर काय काय येतं ते मी पाहिलं आहे. सहा वर्षांपूर्वीच्या उत्तरात कोणीतरी हळूच एक दुवा घुसवतो आणि तो निघतो भलत्याच जाहिरातीचा. ‘मलाही हीच अडचण आहे’ असं उत्तराच्या जागी लिहिलेलं असतं. एक स्वल्पविराम बदलला की जुना प्रश्न पहिल्या पानावर येतो आणि ताजे प्रश्न खाली ढकलले जातात. हे सगळं निस्तरणारे मॉडरेटर विनामोबदला काम करतात, आपली रात्र घालवून करतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण या प्रत्येक अडचणीवर कुलपापेक्षा नेमके उपाय आधीच आहेत. इंग्रजी विकिपीडियाकडे बघा. तिथे एखादा लेख वीस वर्षांचा झाला म्हणून बंद होत नाही. ज्या पानावर खोडसाळपणा चालू असेल तेवढंच पान अर्धसंरक्षित होतं, आणि तेही अशा रीतीने की खातं उघडून चार दिवस आणि दहा संपादनं झालेल्या सदस्याला ते बदलता येतं. किरकोळ बदलाला ‘किरकोळ’ अशी खूण करता येते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर सदस्याचे २,००० गुण होईपर्यंत दुसऱ्याच्या पोस्टमधला बदल आधी रिव्ह्यूला जातो, आणि बदल मंजूर झाला तरी आधीची प्रत इतिहासात राहते. निर्बंध घालताना या दोन्ही ठिकाणी बघतात ते त्या पानावरचा त्रास आणि बदल करणाऱ्याचा अनुभव.

लेखकच आपलं उत्तर खराब करतात, हे तुमचं आणखी एक कारण. तसं झालेलं आहे, मी नाकारत नाही. २०२४ च्या मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी तिथला मजकूर वापरू देण्याचा करार केला तेव्हा काही सदस्यांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरं पुसली किंवा त्यात निषेधाचा मजकूर भरला. मॉडरेटरांनी ती उत्तरं पूर्ववत केली. त्या सदस्यांचा राग मला समजतो, तरीही उत्तरं परत आणली गेली हे मला योग्यच वाटतं, कारण अडलेल्या वाचकाचा त्या भांडणाशी संबंध नव्हता. पण ती परत आणता आली ती जुन्या प्रती जपलेल्या होत्या म्हणून. त्या तुमच्याकडेही आहेत. मग सगळ्यांचे हात बांधायची गरज कुठे राहते?

आता दुसऱ्या तक्रारीकडे येते. ती जास्त दुखरी आहे, कारण तिच्यात माझ्यामुळे एका माणसाचं नुकसान झालं. निदान त्या माणसाची तशी समजूत आहे.

एका टेबलमध्ये त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा आल्या असतील तर जादा कशा काढायच्या, असा प्रश्न होता. मी पद्धत दिली : ई-मेलनुसार गट पाडा, प्रत्येक गटातली सर्वांत लहान आयडीची ओळ ठेवा, बाकीच्या डिलीट करा. त्याखाली दोन वाक्यं होती (त्यातलं ‘नल’ म्हणजे काहीच न भरलेली जागा, आणि ‘सिलेक्ट’ म्हणजे ओळी न काढता नुसत्या दाखवणारी आज्ञा). ‘ज्या ओळींत ई-मेल नल आहे त्या सगळ्यांचा मिळून एकच गट पडतो, म्हणून त्या आधी वगळा. डिलीट चालवण्याआधी त्याच अटीवर सिलेक्ट चालवून किती ओळी जाणार आहेत ते मोजा.’

हा काही बारीकसारीक तपशील नाही. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, दोन नल एकमेकांशी ताडून पाहिले तर ते समान ठरत नाहीत, पण गट पाडताना मात्र सगळे नल एकाच गटात जातात. ज्यांनी ई-मेल दिलाच नाही अशी हजार माणसं टेबलमध्ये असतील, तर माझी आज्ञा त्यांतलं एक ठेवून नऊशे नव्याण्णव काढून टाकते. म्हणून ती दोन वाक्यं तिथे होती.

काही वर्षांनी एका सदस्याने ते उत्तर ‘सुटसुटीत’ केलं. शब्द कमी केले, कोडला रंग आला, आणि ती दोन वाक्यं गेली. संपादनाचं कारण दिलं होतं : ‘अनावश्यक मजकूर काढला.’ रिव्ह्यू करणाऱ्या दोघांनी मंजुरी दिली. पहिली मंजुरी आणि दुसरी मंजुरी यांत अकरा सेकंदांचं अंतर आहे. इतिहासाच्या पानावर ते आजही दिसतं : डावीकडे लाल पट्टीत माझी दोन वाक्यं, उजवीकडे रिकामी जागा. उत्तराखाली नाव मात्र माझंच.

चार महिन्यांनी खाली कॉमेंट आली. ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं. ज्यांचा ई-मेल नव्हता ते सगळे ग्राहक गेले. बॅकअप आठवड्यापूर्वीचा आहे.’ त्या माणसाने एकही वावगा शब्द वापरला नव्हता. मला आधी कळेचना, कारण इशारा दिल्याचं मला चांगलं आठवत होतं. इतिहास उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मी माफी मागितली, आणि बॅकअपमधून फक्त तेवढ्या ओळी परत कशा घ्यायच्या ते सविस्तर लिहिलं. मग ती दोन वाक्यं उत्तरात परत घातली.

दुसऱ्या दिवशी एका मॉडरेटरने माझा बदल मागे घेतला. शेरा होता : ‘मंजूर संपादन उलटवू नये.’ मी पुन्हा घातला, कारणासह. तेव्हा एडिट वॉर, म्हणजे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा उलटवणं, म्हणून पोस्टला कुलूप लागलं, आणि आता वयाच्या नियमामुळे ते कायमचं झालं. पुढे जुन्या कॉमेंटची सफाई झाली तेव्हा त्या माणसाची कॉमेंट आणि माझं स्पष्टीकरण, दोन्ही गेलं. आज त्या पानावर ती आज्ञा आहे आणि इशारा कुठेच नाही. मंजुरी देणाऱ्या दोघांना मी दोष देत नाही. रांगेत शंभर बदल समोर असले की माणूस व्याकरण बघतो, अर्थ बघायला उसंत राहत नाही. पण ज्या पद्धतीत अर्थ बदलणारं आणि शुद्धलेखन सुधारणारं संपादन एकाच चाळणीतून जातं, ती पद्धत बदलायला हवी, आणि ते तुमच्या हातात आहे.

इथे परवान्याचाही मुद्दा आहे. आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली आहे, म्हणजे लेखकाचं नाव देऊन तो कोणालाही वापरता आणि बदलता येतो. लिहिताना आम्ही तो मान्य केला, त्यामुळे माझं उत्तर कोणी बदलू शकतं याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः शेकडो उत्तरं बदलली आहेत. पण तोच परवाना म्हणतो की मजकुरात बदल केला असेल तर तसं सांगितलं पाहिजे, आणि लेखकाने मागणी केली तर त्याचं नाव शक्य तितकं काढलं पाहिजे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘संपादित’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून वाचकाला काय कळणार? त्याला नाव दिसतं माझं, आणि विश्वास तो त्या नावावर ठेवतो.

तिसरी गोष्ट जुने प्रश्न काढून टाकण्याची.

कमी वाचक म्हणजे कमी उपयोग, हा हिशेबच मला चुकीचा वाटतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून त्यावर चालणारे प्रोग्राम त्या दिवशी थांबले नाहीत. कोणीतरी नोकरी सोडून जातो, त्याच्या मागे पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम राहतो, आणि तो नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. त्याला जो प्रश्न पडतो तो वर्षातून दोघा-तिघांनाच पडत असेल. त्यांच्यासाठी तेवढं एकच पान जगात असतं. लोकप्रिय प्रश्नाचं उत्तर दहा ठिकाणी मिळतं, या प्रश्नाचं मिळत नाही. त्या पोस्टवर ‘हे उत्तर अमुक आवृत्तीपुरतं आहे’ अशी पट्टी लावा, शोधात खाली न्या, पण काढू नका.

‘पुन्हा विचारलेला’ म्हणून बंद केलेल्या प्रश्नांचंही तेच. माणूस आपल्या शब्दांत शोधतो. ज्याला ‘नल’ हा शब्दच माहीत नाही तो ‘रिकाम्या ओळी गायब झाल्या’ असं लिहून शोधतो, आणि तशाच शब्दांत कोणीतरी आधी विचारलेला प्रश्न त्याला सापडतो. त्या प्रश्नाखाली मूळ उत्तराकडे जाणारा दुवा असतो, तिथून तो योग्य जागी पोचतो. तो प्रश्न काढलात तर त्या माणसाची वाट तिथेच बंद होते.

आणि काढलेलं परत येत नाही. याहू आन्सर्स हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००५ साली सुरू झालं आणि ४ मे २०२१ ला बंद झालं. त्यातलं बरंचसं थिल्लर होतं हे खरं, पण औषधांच्या, यंत्रांच्या, घरगुती दुरुस्तीच्या धाग्यांत अनुभवी माणसांनी मन लावून लिहिलेलंही होतं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढं जमलं तेवढं जपून ठेवलं. पण जुन्या दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला आज ते पान तिथे मिळत नाही. तुमचं संकेतस्थळ चालू आहे, जागा आहे, यंत्रणा आहे. मग आपल्या हाताने का पुसता?

दाद मागण्याच्या सोयीबद्दल थोडंच लिहिते. ज्या मॉडरेटरने कुलूप लावलं, माझी हरकत त्याच्याकडेच गेली, आणि त्यानेच ती फेटाळली. तो प्रामाणिक असेलही. तरी आपल्याच निर्णयाचा निवाडा कोणालाही करायला लावू नये.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वयावरून लागणारं सरसकट कुलूप मागे घ्या. कुलूप लावायचंच तर त्या त्या पानावर, कारण लिहून आणि मुदत घालून लावा.

लेखकाला स्वतःच्या उत्तरात दुरुस्ती करण्याचा मार्ग कायम खुला ठेवा. जुन्या पोस्टमधला त्याचा बदल आधी रिव्ह्यूला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, माझी हरकत नाही. उत्तर स्वीकारलेलं असलं तरी ‘हे उत्तर मी मागे घेत आहे’ अशी ठळक ओळ सर्वांत वर लावता आली पाहिजे. जुन्या पोस्टमधल्या किरकोळ बदलामुळे तो प्रश्न पहिल्या पानावर येऊ नये, एवढी तांत्रिक सोय केलीत तर तुमची निम्मी डोकेदुखी कमी होईल.

दुसऱ्याच्या उत्तरातून वाक्य काढणारं किंवा कोडचा परिणाम बदलणारं संपादन वेगळ्या रांगेत जाऊ द्या. ते त्या विषयात उत्तरं लिहिणाऱ्यांनीच तपासावं. लेखकाला आधी कळवा आणि उत्तर द्यायला सात दिवस द्या. सात दिवसांत तो बोलला नाही तर तुम्ही ठरवा. आणि असा बदल झाला की उत्तराच्या वरच, वाचकाला दिसेल अशा जागी, काय बदललं ते एका ओळीत लिहा.

कॉमेंटची सफाई करण्याआधी त्यातला इशारा उत्तरात घ्या. यासाठी लागतील तेवढे तास मी आणि माझ्यासारखे जुने सदस्य द्यायला तयार आहोत. डेटाबेसच्या विभागापासून सुरुवात करू.

प्रश्न काढण्याची यादी किमान तीस दिवस आधी सर्वांसमोर ठेवा, हरकती घ्या, आणि काढलेल्या मजकुराची प्रत कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवा. ही यादी लागेपर्यंत सफाई थांबवा.

हरकतीचा निर्णय दुसऱ्या मॉडरेटरकडे सोपवा.

शेवटची मागणी माझ्यापुरती. त्या दोन्ही उत्तरांचे क्रमांक मी तुम्हाला वेगळ्या निरोपाने पाठवले आहेत. पासवर्डच्या उत्तराची दुरुस्ती लिहून तयार आहे. डिलीटच्या उत्तरात घालायची ती दोन वाक्यंही सोबत आहेत, एक अक्षरही न बदलता. कुलूप उघडा, दहा मिनिटांत दोन्ही जागच्या जागी जातील. नियमाचा फेरविचार व्हायला वेळ लागणार असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने ती घाला, मला चालेल. आणि तेही होणार नसेल, तर परवान्यातल्या तरतुदीनुसार त्या दोन्ही उत्तरांवरून माझं नाव काढावं, ही विनंती मी या पत्राद्वारे करत आहे.

आपली,
बारा वर्षांपासूनची एक सदस्य